कवेत न मावणारा कोट

—नाही, अभिनंदन नको, बाई. तुमची नजर माझ्या पट्ट्याकडे गेली, त्याला नव्यानं पाडलेलं भोक दिसलं, शर्टाच्या कॉलरीत मान सुटी फिरताना दिसली, आणि तुम्ही लगेच म्हणालात, 'काका, वजन छान उतरवलंत.' धंद्याची नजर आहे, मान्य करतो. पण उतरवलं म्हणजे काय? उतरवतात ते ओझं. स्टेशनावर हमाल उतरवतो ते. मी काही कुठं उतरवून ठेवलेलं नाही, आपोआप गेलं ते, आणि जाताना मला विचारूनही गेलं नाही. पण हल्ली भेटेल तो माझं अभिनंदन करतो. पेपरवाला करतो, बँकेतली मुलगी काउंटरच्या काचेतून अंगठा वर करून दाखवते, आणि आमच्या समोरच्या इमारतीत एक गृहस्थ आहेत, सकाळी अर्ध्या चड्डीत धावतात, ते तर रस्ता ओलांडून मला विचारायला आले — काय खाता, केव्हा खाता, रात्रीचं बंद केलंत का? म्हटलं, हो, रात्रीचं बंद झालं, आता दिवसाचंही होत आलंय. तर म्हणाले, 'वा.' माणूस सांगतोय की अन्न जात नाही, आणि ऐकणारा वा म्हणतो — चाळीस वर्षं इतिहास शिकवला मी, त्यातली शेवटची दहा मुख्याध्यापक होतो, पण असा काळ पुस्तकात आलेला मला आठवत नाही.

असो. मला कोट हवा आहे. जुना. जुन्यासारखा दिसणारा नव्हे, खरोखर जुना, ज्या काळी कोट स्वतःच्या पायावर उभे राहत असत. तुम्ही हसता, पण शब्दशः सांगतो — आत घट्ट कॅनव्हास, छातीला जाड थर, खांद्यात गादी, असा कोट खुंटीला लावला तरी वाटायचं आत कोणीतरी आहे. तसा. आणि मोठा. माझ्या मापाचा नको, मी होतो त्या मापाचा हवा. रविवारी माझी थोरली बहीण येते आहे, लांबून, मुलाकडून, चार वर्षांनी, आणि तिच्यापुढे मला पूर्वी होतो तेवढाच उभा राहायचं आहे. एवढंच काम आहे. तिला काही कळता कामा नये. काय कळता कामा नये, ते तुम्ही विचारू नका, मीही सांगत नाही. तुम्ही कोट दाखवा.

हा काय आणलात? द्या बघू. — हं. हा नवा आहे. नाही, तुम्ही म्हणाल जुन्या धाटणीचा, पाटीवरही तसंच लिहिलंय, पण याची कोपरावरची ठिगळं बघा, फाटण्याआधीच लावलीत. बाहीची बटणं शोभेची, काजं नुसती टाक्यांनी रेखलेली, उघडतच नाहीत. आणि कंबर? ही कंबर कोणाची आहे? कोणत्या वयात पुरुषाला अशी कंबर असते? घालून बघू म्हणता — घालतो, माझं काय जातंय — हे बघा, बसला. अगदी बसला. काखेत, पोटाशी, सगळीकडे बसला, जखमेवर पट्टी बसते तसा. आणि तुम्ही मान डोलावताय. हो, हल्ली यालाच बसणं म्हणतात. अंगाला चिकटला म्हणजे बसला. काढा हा, काढा. बरगड्या मोजायच्या असतील तर त्याला वेगळी खोली असते, तिथं मला नेतात, अंधार करतात आणि श्वास धरायला सांगतात.

आणि तो आरसा सरळ करा आधी. खालून पुढं काढून भिंतीला टेकवून ठेवलाय, म्हणजे समोरचा उंच आणि बारीक दिसतो. ठरवूनच ठेवलात ना? मला वाटलंच. गिऱ्हाइकाला खूश करायला. आणखी बारीक दिसायला येणाऱ्याला तो ठीक आहे, मला या आरशाची गरज नाही, घरच्या सगळ्या आरशांत मी असाच दिसतो.

तुम्ही तरुण आहात, म्हणजे माझ्या मानानं — तुम्हाला सांगतो एक गोष्ट. आमच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीत भिंतीवर आधीच्या सगळ्या मुख्याध्यापकांच्या तसबिरी आहेत, ओळीनं. मी दहा वर्षं त्यांच्याखाली बसलो, दुसरं करण्यासारखं काही नसे तेव्हा त्यांच्याकडे बघायचो. पहिले गृहस्थ — शाळा काढली ते — बेताचे आहेत, काळजीनं वाळलेले. दुसऱ्यांना थोडं पोट. तिसरे, त्यांच्या काळात इमारत झाली, तर ते खुर्चीत असे बसलेत की खुर्ची दिसत नाही. कोटाचं मधलं बटण ताणलेलं, अंगठा खिशात, बाकीची बोटं पोटावर पसरलेली — जणू शाळेची नवी इमारत त्यांनी कोटाच्या आतच बांधली. फोटोवाल्यालाही माहीत असे, पोट फोटोत आलं पाहिजे. ज्याला नसे त्याला तो हातात जाड पुस्तक देऊन ते पोटाशी धरायला सांगत असे. थट्टा नाही करत, चौथ्यांच्या हातात आहे तसं पुस्तक. मग माझ्यापर्यंत सगळे भरीव. माझा फोटो तर — मुलं मला पिंप म्हणायची. तोंडावर नाही, पण जिन्यात ऐकू येई, 'पिंप आलं, पिंप आलं,' आणि सगळा मजला चिडीचूप. बारीक माणसाला असं चिडीचूप करता येत नाही, त्याला छडी लागते. मला कधी लागली नाही. आणि माझ्यानंतर आलेले — मुलं त्यांना पट्टी म्हणतात, लाकडी पट्टी — ते सकाळी पोहतात, दुपारी काकड्या खातात आणि शाळेत शर्ट असा घालतात की आत हवा जायला जागा नको. त्यांचा फोटो लागला ना त्या ओळीत, तर बघणाऱ्याला वाटेल शाळा बुडाली.

म्हणजे बघा, शंभर वर्षांत माणसाचं शरीर काही बदललेलं नाही, आतडी तेवढीच लांब आहेत. पण कोणत्या शरीराला वा म्हणायचं, ते मात्र उलटंपालटं झालं. गोष्टींमध्ये सुद्धा पाहा — आपण लहानपणी ऐकलेल्या कुठल्याही गोष्टीत — फुलांनी तोलायची ती राजकन्या असे. एका पारड्यात ती, दुसऱ्यात मोजून फुलं. एक फूल इकडचं तिकडं झालं की राजवाड्यात हलकल्लोळ. पण राजाला कोणी कधी फुलांनी तोललं नाही. प्रधानाला नाही. राजा सोन्यानं तोलायचा असे, आणि त्याचं पारडं जितकं खाली जाईल तितका तो मोठा. गोष्टीतला पुरुष रोड झाला तर त्याचा एकच अर्थ — शाप लागलाय, नाहीतर कोणीतरी त्याचा जीव पोपटात ठेवलाय आणि पोपट आजारी आहे. आता काय झालंय, तर सगळ्यांनाच फुलांच्या पारड्यात बसवलंय. बायकांची त्यातून सुटका करायची सोडून पुरुषांनाही उचलून आत टाकलं, आणि याला म्हणायचं प्रगती.

हा तपकिरी? हा खरा जुना आहे. याचा वास खरा आहे, आणि अस्तर हातानं लावलेलं. पण बाई, हा लग्नातला कोट आहे. ओळखला कसा? कोपरं बघा, कोरी आहेत. खिशाच्या तोंडाला मळ नाही. एकदा घातला, फोटो काढला, आणि ठेवून दिला, कारण पुढच्या वर्षी नवरदेवाला तो होईना. तुमच्याकडे असेच येणार. तुम्हाला वाटत असेल, जुने कोट लहान मापाचे मिळतात, म्हणजे जुनी माणसं लहान होती. सगळ्यांना वाटतं. संग्रहालयात काचेमागं एखादा चिमुकला अंगरखा असतो आणि बाहेर उभ्या राहून बायका हळहळतात, 'कसली नाजूक असतील तेव्हाची माणसं.' काही नाजूक नव्हती. धडधाकट होती, आणि जो कपडा त्यांना नीट झाला तो त्यांनी झिजेपर्यंत घातला, मग उलटा करून घातला, मग त्याची पिशवी झाली, पिशवीचं फडकं झालं, फडक्यानं सायकल पुसली. उरतं ते काय? जे कोणाला झालं नाही ते. आपण ज्याला इतिहास म्हणून काचेत ठेवतो तो बहुतेक वेळा न झालेल्या कपड्यांचा गठ्ठा असतो. माझेही चांगले कोट तसेच गेले. आक्कानं शिवलेले — आक्का म्हणजे हीच, रविवारी येते ती बहीण — तिनं शिवलेला शेवटचा कोट मी इतका घातला की अखेर पाठीत विरला. आज घरात आहेत ते निवृत्तीनंतर घेतलेले तयार कोट. मऊ. आत काही नाही. त्यांना उभं राहायला आत माणूस लागतो. परवा घालून पाहिला, तर आमची ही म्हणाली, 'खुर्चीवर टाकलेल्या चादरीसारखं दिसतंय.' म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. भांडं एकही नव्हतं घासायला.

नको, खुर्ची नको. मी उभा राहू शकतो. — बरं, द्या. कोट बसूनही बघता येतात.

हा करडा — हा मोठा आहे. हा बरा दिसतोय. थांबा, पण घालायच्या आधी आतून बघू द्या. पाठीची शिवण आणि कुशीची. तुम्हाला माहीत असेल, तुम्ही या धंद्यातल्या. पूर्वीचे शिंपी शिवणीच्या आत दोन-दोन बोटं माया ठेवायचे, जास्तीचं कापड, माणूस पुढं वाढणार हे गृहीत धरून. आजचा कारखाना काय गृहीत धरतो? की माणूस फेकून देईल. तर ते कापड सोडत सोडत कोट वाढवत न्यायचा, आणि प्रत्येक वेळी जुन्या शिवणीची रेघ कापडावर राहते, पुसत नाही. झाडाच्या बुंध्यात जशी वर्तुळं. आक्का मला लहानपणी दाखवायची — लोकांचे कोट यायचे तिच्याकडे, दुरुस्तीला — म्हणायची, 'ही रेघ नोकरी लागली तेव्हाची. ही पहिला मुलगा झाला तेव्हाची. हा सुखी आहे बघ, तीनदा सोडलाय.' आणि एखादा कोट उलट्या रेघांचा यायचा. बाहेरून आत. तो ती मला दाखवत नसे, पटकन खाली घेई. — इथं आहे. बघा. ही मूळची शिवण, ही सोडलेली, इथवर माणूस वाढला. आणि मग ही — आत. आणि इथं परत आत. तिसऱ्यांदा तर नुसता कच्चा टाका आहे, पक्की शिवण घालायचे कष्टही कोणी घेतले नाहीत, कारण कळलं असेल की परत आत घ्यावा लागणार. घ्या हा परत. घडी नका करू, लावून टाका तिकडं, मागं. याचा मालक डॉक्टरांकडे जात होता, मी सांगतो. आणि त्याची बायको शिवणकामात बरी नव्हती, पण नेटानं करत होती.

माझी पण करते. पायजमे, झोपायचे शर्ट. मी बाहेर गेलो की. मला काही बोलत नाही, मी काही विचारत नाही, फक्त महिन्याभरानं सगळे कपडे मला परत नीट व्हायला लागतात, जणू काही झालंच नाही.

तुम्ही उगाच तसं बघू नका. पोटात आहे. नाव लांबलचक आहे, ते घेऊन कोणाचं भलं होत नाही. डॉक्टर चांगले आहेत, काठीसारखे सरळ, हसतमुख. याच डॉक्टरांनी वीस वर्षं माझा छळ केला — काट्यावर उभं करायचे, आकडा बघून जीभ चुकचुकवायचे, 'सर, कमी करा, सर, ऐकत नाही तुम्ही.' मी मुख्याध्यापक, आणि काट्यावर मुलासारखा मान खाली घालून उभा. आता त्याच काट्यावर उभं करतात आणि म्हणतात, 'सर, वजन राखायचा प्रयत्न करा.' राखायचा. कुठं पळून जातंय आणि मी दारात काठी घेऊन बसणार. मी म्हटलं, तुमचं आयुष्यभराचं स्वप्न पूर्ण झालं, डॉक्टर, आता तोंड का पाडता? हसले नाहीत. त्यांना विनोद कळत नाही, बारीक माणसांना सहसा कळत नाही.

हा काळा कुठं होता? हा आधी का नाही काढलात? — जड आहे. दोन हातांनी धरावा लागतो. आतून बघू द्या. एक रेघ, दोन रेघा, दोन्ही बाहेर. शाबास. कोपरं झिजलेली आहेत, ठीक आहे, म्हणजे घातला कोणीतरी पोटभर. आत काहीही घेतलेलं नाही. माणूस बहुतेक जेवता जेवताच गेला असेल, भाग्यवान. धरा, मला बाही — हां, दुसरी. खांद्याला लागतोय. चालेल, लागू दे. आता सोडा. बघा, कसा उभा आहे. माझ्याशी त्याला काही देणंघेणं नाही. मी आत हललो तरी हा हलत नाही. चांगला आहे. हा घेतो. फक्त एक काम करून द्यायचं — पाठीला आणि दोन्ही कुशींना, अस्तराच्या आतून, कापूस. जाड. आणि पोटावर वेगळी गादी, पट्ट्यानं बांधायची, ती मी घरी बघीन. रविवार सकाळपर्यंत.

का म्हणजे? तुम्हाला काय वाटतं, ती मला बघणार आहे? तिला दिसत नाही, बाई. डोळे गेले, तीन वर्षं झाली, उजेड आणि अंधार तेवढा कळतो. बघणाऱ्याला फसवायचं असतं तर मी जाड शाल घेतली असती आणि कोपऱ्यात बसलो असतो. ती हातांनी बघते.

आता विचारलंच आहे तर ऐका, म्हणजे कापूस कुठं हवा ते तुम्हाला कळेल. आमची आई लवकर गेली. मी चार वर्षांचा, आक्का चौदा. त्याच वर्षी मला ताप आला तो हटेना, उतरला तेव्हा माझ्या अंगावर फक्त कातडी होती, आणि शेजारची एक बाई दारात उभी राहून आक्काला म्हणाली — माझ्यासमोर म्हणाली, मला कळत नाही असं समजून — 'याच्यावर फार जीव लावू नकोस, हे मूल राहायचं नाही.' त्या दिवसापासून आक्कानं मला चमच्यानं, वाटीनं, मारून, गोष्टी सांगून, नाक दाबून, जसं जमेल तसं भरवलं. मशीनवर लोकांचे कपडे शिवायची, पाय पायट्यावर, एका हातात कापड आणि दुसऱ्या हातात माझा घास. आणि रोज संध्याकाळी मला कवेत घ्यायची, दोन्ही हात माझ्या पाठीमागं न्यायची आणि बघायची, बोटं एकमेकांवर कितपत चढतात. टेप होता तिच्या गळ्यात, तुमच्यासारखाच, पण मला तिनं टेपनं कधी मोजलं नाही. टेप गिऱ्हाइकांना. आधी तिचे हात माझ्या पाठीवरून पार तिच्याच कोपरांपर्यंत जायचे. मग मनगटापर्यंत. मग नुसती बोटं गुंतायची. मी कॉलेजात गेलो, नोकरीला लागलो, लग्न झालं माझं, तिचं झालं उशिरा, ती दूर गेली — पण भेटली की पहिलं काम ते. आणि मी चाळिशीचा असताना एकदा, भर रस्त्यात, बसमधून उतरल्या उतरल्या तिनं मला धरलं आणि तिची बोटं मागं भेटलीच नाहीत. ती तशीच उभी राहिली, लोक बघतायत, बसवाला घंटा मारतोय, आणि म्हणाली, 'आता तू माझ्या कवेत मावत नाहीस.' तिचा आवाज ऐकायला हवा होतात. मला शाळेनं दोनदा गौरवलं, शाली दिल्या, कोणाच्या आवाजात तसं काही नव्हतं.

तेव्हा हे पोट माझं नव्हतं, समजलं? डॉक्टर मला म्हणायचे कमी करा, धावणारे गृहस्थ माझ्याकडे दयेनं बघायचे, मुलं पिंप म्हणायची — त्यांना वाटायचं मी खातो. ते तिनं केलेलं काम होतं. त्या शेजारणीला तिनं दिलेलं उत्तर मी सत्तर वर्षं अंगावर वागवत होतो. आणि आता रविवारी ती दार ओलांडून येणार, हात पुढं करणार, आणि तिचे हात मागं जाऊन एकमेकांवर चढणार. मनगटापर्यंत. मला माहीत आहे कुठवर, मी हिला परवा — ते जाऊ द्या.

ही म्हणते, सांगून टाका. मुलगा म्हणतो, आत्याला कळायलाच हवं. सगळे खरं बोलायला निघालेत. खरं काय असतं, बाई? सत्तर वर्षांपूर्वी ती दारातली बाई खरंच बोलली होती, फक्त तिचा काळ चुकला. ते मी आक्काला सांगू? ती आठवडाभर राहणार, मग परत जाणार, तिचं वय बघता आणि माझं हे बघता परत काही आमची भेट व्हायची नाही. एक वेळ. एकदा तिचे हात मागं भेटले नाहीत की झालं. नंतर मी दूर बसेन, पाहुण्यांसारखा. ती जेवायला वाढायला लागली तर — वाढेल ती, चाचपडत, ताटाची कड बोटानं शोधत — तर ते मी बघून घेईन, हिला सांगून ठेवलंय.

काय म्हणालात? — नाही, बोला, मोठ्यानं बोला. तिला कळेल? शिवणकाम केलेल्या हाताला कापूस आणि माणूस यातला फरक कळतो? तुमचं वय काय? माझ्या आक्काच्या हातांबद्दल तुम्ही मला सांगणार? तो हात काय ओळखतो ते मला तुमच्याकडून शिकायचं नाही. हिवाळ्यात येते ती, तिनंही जाड कपडे घातलेले असतील. गर्दी असेल, पोरं असतील, गाडीतून उतरून दमलेली असेल. मी घाई करीन, म्हणेन, चल आत, थंडी आहे. एक क्षणाचा प्रश्न आहे. आणि हा कोट तुम्ही पाहिला ना कसा उभा राहतो? या कोटाला तोड नाही. कापूस न भरताच याचा घेर — ठीक आहे. विश्वास बसत नाही ना तुमचा? मग बघूच. तो टेप काढून ठेवा गळ्यातला, टोचतो. इकडं या. दुकानात कोणी नाहीये, आणि मी तुमच्या वडिलांच्या वयाचा आहे, लाजू नका, माप घेताय असं समजा. डोळे मिटा. मिटलेत? पूर्ण मिटा, तिला दिसत नाही तेव्हा तुम्हीही बघायचं नाही. आता हात घाला. कोटावरून. मागं न्या — घट्ट, तशी हलक्या हातानं नाही धरत ती, ती धरते तेव्हा कापड बिपड काही राहत नाही मध्ये. हां. तसं. थांबा, मी श्वास भरून घेतो. आता. बोटं कुठवर आली? — भेटत नाहीत ना? — जरा अंतर आहे ना मध्ये? थोडं तरी? — सांगा ना. गिऱ्हाइकांना रोज सांगता तुम्ही, छान बसलाय, छान दिसतंय, आज एकदा मला सांगा. — बरं.

बरं. कळलं. सोडा आता.

सोडा म्हणतो ना. कापूस जरा जास्त भरा, एवढंच त्याचं — बाई, दारात कोणीतरी आलंय. डोळे उघडा. अहो, उघडा डोळे —

बाई.